मृगजळ की चमत्कार?

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची, म्हणजे चंद्राची अडचण नाही. फटाक्यांचा धूर तेवढा विरायला हवा. मध्यरात्र उलटल्यावर गच्चीत जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की डाव्या हाताला मृग आणि त्याच्या मागोमाग व्याध वर चढताना दिसतात. त्यांच्या दिमाखापुढे समोरचं आभाळ अगदीच ओकंबोकं वाटतं. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या साधारण निम्म्या उंचीवर फॉरनॅक्स नावाचा एक फिका तारकासमूह आहे. शहरातून त्यातलं बहुधा काहीच दिसत नाही.

त्या तारकासमूहात पौर्णिमेच्या चंद्राच्या तबकडीत सहज मावेल एवढा एक तुकडा आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला ‘गुड्स-साउथ’ म्हणतात. तिथे काही नाही, हीच त्याची थोरवी. आपल्या आकाशगंगेतले ठळक तारे तिथे आड येत नाहीत, आपल्याच दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा पडदाही तिथे विरळ आहे. लांबचं बघायचं तर घरातली सर्वांत स्वच्छ काचेची खिडकी निवडावी, तसा हा तुकडा निवडला गेला. गेली पंचवीसेक वर्षं जगातल्या बड्या दुर्बिणी आळीपाळीने त्याच्याकडे टक लावून बसतात. २००३-०४मध्ये हबल दुर्बिणीने त्याच्या एका कोपऱ्यावर सुमारे दहा लाख सेकंद प्रकाश गोळा केला आणि त्या चिमुकल्या चौकटीत दहा हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या.

याच तुकड्यात जेड्स-जीएस-झेड१४-० नावाची दीर्घिका आहे. नाव रेशनकार्डाच्या नंबरासारखं असलं तरी तिची कीर्ती मोठी. तिचा आज पोचणारा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ३० कोटी वर्षं होतं. आज ते सुमारे १३८० कोटी आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाचा पावणेदोन वर्षांचा असतानाचा फोटो सापडावा, तसलं हे प्रकरण.

फोटो काढणं मात्र या कामातला सोपा भाग. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या एका चित्रात हजारो ठिपके येतात. त्यातला अमुक लालसर ठिपका विश्वाच्या बाळपणातला आहे, हे कशावरून? तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा थंड, मंद तारा असू शकतो. धुळीने माखलेली, त्यामुळे तांबूस दिसणारी मधल्या अंतरावरची दीर्घिका असू शकते. ठिपक्यावर पत्ता लिहिलेला नसतो. दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास म्हणजे या पत्त्याची शहानिशा, आणि ती करताना भलेभले तोंडघशी पडले आहेत.

पत्ता शोधायचा तो प्रकाशातच. कणकेच्या गोळ्यावर सुरीने जवळजवळ रेघा मारल्या आणि तो गोळा लाटला, तर पोळी मोठी होताना रेघांमधलं अंतरही वाढत जातं. प्रकाशलहरींचं असंच होतं. त्या वाटेत असताना अवकाशच प्रसरण पावतं आणि त्यांची तरंगलांबी ताणली जाते. निळा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, तांबडा त्यापलीकडच्या अवरक्तात जातो. या ताणाचं माप म्हणजे ताम्रसृती. ताम्रसृती १ असेल तर लांबी दुप्पट झालेली, १४ असेल तर पंधरा पट. मोठी ताम्रसृती म्हणजे लांबचा प्रवास, म्हणजेच जुना प्रकाश.

पण मूळ रेघा कुठे होत्या हे ठाऊक असल्याशिवाय ताण मोजता येत नाही. इथे हायड्रोजन मदतीला येतो. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक थिओडोर लायमन यांनी १९०६मध्ये हायड्रोजनची अतिनील प्रकाशातली एक रेषामालिका शोधली. तिच्यातली पहिली रेषा १२१.६ नॅनोमीटरवर असते. अणुभौतिकीच्या नियमांनी ठरलेली ती जागा प्रयोगशाळेत, सूर्यावर, सगळीकडे तीच. अतिदूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या प्रकाशातला या रेषेच्या अलीकडचा सगळा भाग वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. त्यामुळे तिच्या वर्णपटात एक कडा दिसते: एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख.

१९९०च्या दशकात चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक हिकमत वापरली. त्या अंतरांवर कामाला येणारी कडा लायमन मालिकेच्याच दुसऱ्या टोकाची होती, पण युक्ती तीच. आकाशाचा एकच भाग वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून टिपायचा. तांबड्या आणि हिरव्या फिल्टरमध्ये हजर पण अतिनील फिल्टरमध्ये गैरहजर, असा ठिपका दिसला की तो संशयित. हवाईतल्या केक दुर्बिणीने अशा संशयितांचे वर्णपट घेतले तेव्हा बरेच खरोखर दूरचे निघाले. अशा दीर्घिकांना खगोलशास्त्रज्ञ ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. शाळेच्या हजेरीपटावरून गळालेल्या मुलांसाठी वापरतात तोच हा शब्द, फक्त इथे गळालेल्यांचा भाव जास्त.

आता थोडं गणित. जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेची ती कडा १२१.६ नॅनोमीटरवरून पंधरा पट ताणली गेली आणि सुमारे १.८५ मायक्रॉनवर (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) येऊन पडली. माणसाचा डोळा ०.७ मायक्रॉनच्या आसपास थकतो. हबलचा अवरक्त कॅमेरा १.७ मायक्रॉनपर्यंत जातो. दीर्घिकेचा जो काही उजेड आहे, तो हबलची नजर संपते तिथून पुढे सुरू होतो. या तुकड्याकडे हबलने कितीही तास पाहिलं असतं तरी ही दीर्घिका तिला दिसणार नव्हतीच.

म्हणून जेम्स वेब दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून ती निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावली. बेरिलियमच्या अठरा षटकोनी तुकड्यांचा, सोन्याचा मुलामा दिलेला साडेसहा मीटरचा आरसा आणि टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री, ही वर्णनं वर्तमानपत्रांतून भरपूर येऊन गेली. तिच्या पोटातल्या एका उपकरणाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. खरी किमया तिथे आहे.

निअरस्पेक या वर्णपटमापकात सुमारे अडीच लाख झडपांची एक जाळी आहे. प्रत्येक झडप शंभर मायक्रॉन रुंद आणि दोनशे मायक्रॉन लांब, म्हणजे दोन-चार केस शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. एक चुंबक या जाळीवरून फिरतो तेव्हा झडपा उघडतात. हव्या त्या झडपा विजेच्या दाबाने धरून ठेवायच्या, बाकीच्या मिटू द्यायच्या. समोरच्या आकाशातल्या हजारो ठिपक्यांपैकी निवडक दीर्घिकांसमोरच्याच खिडक्या उघड्या राहतात आणि बाकीचा उजेड बाहेर अडतो. आत आलेला प्रत्येक किरण लोलकातून जाऊन आपापल्या पट्ट्यात पसरतो. काही झडपा कायमच्या अडकल्या आहेत. कुठली कामाची नाही याची यादी ठेवून, ती टाळून निरीक्षणांची आखणी करावी लागते. अब्जावधी डॉलरच्या यंत्रातही जुन्या वाड्यासारखी एखादी न उघडणारी खिडकी असतेच!

जुलै २०२२मध्ये वेबची पहिली चित्रं आली आणि जगभर झुंबड उडाली. शास्त्रज्ञ रात्रंदिवस फिल्टरांची तुलना करत होते, आठवड्याला नवे विक्रम जाहीर होत होते. त्या धामधुमीत एडिंबरा विद्यापीठातल्या गटाने सीर्स-९३३१६ हा ठिपका पुढे आणला. अंदाजे ताम्रसृती १६.४! म्हणजे विश्व २५ कोटी वर्षांचंही नसतानाची दीर्घिका, आणि तीही चांगली उजळ. हे खरं असेल तर दीर्घिका कशा तयार होतात याबद्दलची पुस्तकं परत लिहावी लागली असती. काही उत्साही मथळ्यांनी महास्फोटाचा सिद्धांतच मोडीत काढला.

सगळेच हुरळले नव्हते. रोहन नायडू आणि सहकाऱ्यांनी त्याच ठिपक्यावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात श्रोडिंगरची आठवण काढली. श्रोडिंगरचं मांजर जसं पेटी उघडेपर्यंत जिवंत आणि मेलेलं, तशी ही दीर्घिका ताम्रसृती १७ची आणि ५चीही. त्यांना खटकलं होतं ते असं: जवळची, धुळीने भरलेली, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या तेजस्वी रेषा फेकणारी दीर्घिका असेल, तर त्या रेषा वेबच्या फिल्टरांत नेमक्या अशा जागी पडतील की दूरच्या दीर्घिकेचा हुबेहूब भास होईल. असं घडायला कमालीचा योगायोग हवा. पण आकाशात लाखो दीर्घिका आहेत, योगायोगांचा तिथे दुष्काळ नाही.

मार्च २०२३मध्ये झडपा उघडल्या आणि वर्णपट आला. ताम्रसृती ४.९. विश्व १२० कोटी वर्षांचं असतानाची, धुळकट, एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं अशी दीर्घिका. आठ महिन्यांचा विक्रम एका आलेखात विरला.

गंमत म्हणजे त्याच निरीक्षणात दुसऱ्या एका झडपेतून टेक्सास विद्यापीठातल्या स्टीव्हन फिंकेलस्टाइन यांची लाडकी दीर्घिकाही तपासली गेली. त्यांनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, त्यामुळे ती खोटी ठरली असती तर घरीही उत्तर द्यावं लागलं असतं. ती खरी निघाली. ताम्रसृती ११.४, विश्वाचं वय ३९ कोटी वर्षं. एकच रात्र, एकच जाळी, दोन खिडक्या, आणि दोन निकाल.

पोळलेले लोक पुढे ताक फुंकून पिऊ लागले. जेड्स-जीएस-झेड१४-० हा ठिपका फॉरनॅक्समधल्या तुकड्यात सापडला, तेव्हा त्यावर पहिली प्रतिक्रिया अविश्वासाचीच होती. एक तर तो फारच तेजस्वी होता, शिवाय अगदी चिकटून एक जवळची दीर्घिका होती. शेजारणीचाच उजेड त्याच्या नावावर खपत असेल तर? जानेवारी २०२४मध्ये वेबने त्यावर जवळजवळ दहा तास निअरस्पेक रोखला. स्तेफानो कार्निआनी यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला कडा दिसली: १.८५ मायक्रॉनच्या अलीकडे काही नाही, पलीकडे उजेड. शिवाय ठिपका अगदीच बिंदूसारखा नव्हता. त्याचा पसारा १६०० प्रकाशवर्षांहून अधिक भरला. म्हणजे हा उजेड एखाद्या कृष्णविवराच्या तोंडाशी पेटलेल्या वायूचा नसून मुख्यतः तरुण ताऱ्यांच्या वस्तीचा होता.

कडा मात्र जरा पसरट असते, तिच्यावरून काढलेल्या अंतरात थोडी ढिलाई राहते. पक्कं माप हवं तर एखादी तीक्ष्ण रेषा सापडावी लागते. ती चिलीच्या अटाकामा वाळवंटात सापडली. तिथे पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर आल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. आयनीभूत ऑक्सिजनची एक अवरक्त रेषा मुळात ८८ मायक्रॉनवर असते, इथे ती १.३ मिलिमीटरपर्यंत ताणून पोचली होती. तिच्यावरून ताम्रसृती ठरली १४.१८. या मोजमापातली अनिश्चितता इतकी कमी, की त्याच अचूकतेने पुणे-मुंबई अंतर मोजलं तर चूक सात-आठ मीटरची निघावी.

अंतराची खात्री झाली खरी, पण त्या रेषेने नवी पंचाईत केली. ऑक्सिजन महास्फोटात तयार झालेला नाही. तो ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि ते तारे फुटल्यावर बाहेर सांडतो. म्हणजे विश्व ३० कोटी वर्षांचं व्हायच्या आत तिथे ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जगून, मरून गेलेली होती. जड मूलद्रव्यांचं प्रमाणही अपेक्षेच्या सुमारे दहा पट निघालं. पाळण्यातल्या बाळाच्या तोंडात अक्कलदाढ सापडावी, असा हा प्रकार. तारे तेव्हा आजच्यापेक्षा झपाट्याने घडत होते, की वायू आणि धूळ बाहेर फेकली गेल्याने त्यांचा उजेड अडत नव्हता, की ताऱ्यांचं जन्माचं वजनच वेगळं होतं, यावर वाद रंगले आहेत. महास्फोटाचा पाया मात्र जागचा हललेला नाही.

मे २०२५मध्ये विक्रम पुन्हा हलला. नव्या दीर्घिकेचं नाव एमओएम-झेड१४, ताम्रसृती १४.४४, विश्वाचं वय २८ कोटी वर्षं. शोधणारे पुन्हा रोहन नायडू आणि सहकारी, श्रोडिंगरची शंका काढणारेच. त्यांनी आपल्या पाहणीला नाव दिलं होतं ‘मिराज ऑर मिरॅकल’. एमओएम ही त्याचीच आद्याक्षरं. मृगजळ की चमत्कार, हा प्रश्न त्यांनी विषयाच्या पाटीवरच लिहून टाकला. असा चोख प्रामाणिकपणा प्रकल्पांच्या नावांत क्वचितच दिसतो.

त्याच महिन्यात, २० मे २०२५ रोजी, पुण्यात जयंत नारळीकरांचं निधन झालं. मराठी वाचकाला ते विज्ञानकथाकार म्हणून आणि पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून माहीत आहेत. त्यांच्या संशोधनातला एक हट्ट मात्र इथे आठवायला हवा. क्वासार या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांची ताम्रसृती ही सगळीच्या सगळी विश्वप्रसरणामुळे असते का, तिच्यावरून थेट अंतर काढणं बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांनी अनेक वर्षं लावून धरला. हॅल्टन आर्प या निरीक्षकाने गोळा केलेल्या विसंगत उदाहरणांना त्यांनी गणिती चौकट देऊ पाहिली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि आजच्या पुराव्यांपुढे ती बाजू टिकत नाही असंच म्हणावं लागेल. तरी ‘पत्ता तपासलात का?’ असं विचारणाऱ्या माणसाची किंमत वर्णपट घेणाऱ्याला चांगली कळते.

आता पुन्हा फॉरनॅक्सच्या तुकड्याकडे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडले जाऊन विश्व उदासीन हायड्रोजनने भरलं. हा वायू अतिनील प्रकाशाला धुक्यासारखा. पावसाळ्यात वरंध घाटात समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे जसे दहा हातांवर येईपर्यंत कळत नाहीत, तसं लायमनच्या रेषेचं होतं: ती निघते, पण पोचत नाही. पुढे ताऱ्यांच्या आणि कृष्णविवरांच्या प्रखर किरणांनी हे अणू पुन्हा फोडले आणि विश्व १०० कोटी वर्षांचं होईपर्यंत धुकं विरलं. त्यामुळे मार्च २०२५मध्ये योरिस विटस्टॉक आणि सहकाऱ्यांनी याच तुकड्यातल्या जेड्स-जीएस-झेड१३-१ या दीर्घिकेत लायमनची रेषा लखलखीत दिसल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. विश्व ३३ कोटी वर्षांचं, म्हणजे ऐन धुक्याचा काळ. त्या दीर्घिकेने भोवतालचं धुकं जाळून एक बुडबुडा मोकळा केला असावा. जाळणारे अतितप्त तारे होते की कृष्णविवर, हे ठरायचं आहे.

धुकं जाळणारे किरण दीर्घिकेबाहेर निसटतात कसे, याचा एक धागा पुण्यातून मिळाला, आणि आकाशाचा तुकडा पुन्हा तोच. भारताची अ‍ॅस्ट्रोसॅट ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली. तिच्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा अवघा साडेसदतीस सेंटिमीटरचा, म्हणजे जेवणाच्या ताटाहून थोडा मोठा. ऑक्टोबर २०१६मध्ये तिने या तुकड्याकडे अठ्ठावीस तासांहून अधिक काळ पाहिलं. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या, एयूडीएफएस०१ असं नाव मिळालेल्या दीर्घिकेतून हायड्रोजन फोडण्याइतके जहाल अतिनील किरण निसटताना दिसले. अडीच मीटरच्या आरशाची हबल ज्यात चाचपडली असती, ते या ताटाएवढ्या आरशाला साधलं, कारण त्याच्या डिटेक्टरमधला गोंगाट फारच कमी होता. तरीही आयुकातले कनक साहा आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी जवळजवळ दोन वर्षं त्या आकड्यांशी झगडत राहिले. सिग्नल खरा की उपकरणाचा खेळ? खात्री पटल्यावरच, ऑगस्ट २०२०मध्ये, ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त निबंध आला.

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकाच्या शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था म्हणून ती ओळखली जाते, पण २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ती बातमीत आली वेबच्या चित्रांमुळे. तिथली पीएचडीची विद्यार्थिनी राशी जैन आणि तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांना एबेल २७४४ या दीर्घिकांच्या पुंजक्यामागे एक सर्पिल दीर्घिका सापडली. पुंजक्याच्या गुरुत्वाकर्षणाने मधलं अवकाश भिंगासारखं वाकलेलं असल्यामुळे ती सुमारे दुप्पट उजळ दिसते. दोन डौलदार बाहू, त्यांवर माळेतल्या मण्यांसारखे ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे ठिपके, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा व्यास. दरवर्षी साठेक सूर्यांच्या वजनाचे नवे तारे घडवणारी. आणि हे सगळं विश्व १५० कोटी वर्षांचं असताना, जेव्हा दीर्घिका वेड्यावाकड्या, ओबडधोबड असतील अशी समजूत होती.

तिचं नाव ठेवलं अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. रुद्रप्रयागला मंदाकिनी अलकनंदेला मिळते, म्हणून ही आपल्या आकाशगंगेची दूरची बहीण. पाळण्यातलं नाव चांगलं आहे, कुंडली मात्र अजून पुरी व्हायची आहे. तिचं अंतर वेबच्या २१ फिल्टरांतून टिपलेल्या चित्रांवरून ठरवलेलं आहे. एवढ्या फिल्टरांमुळे सीर्स-९३३१६सारखी फसगत होणं फार अवघड, पण तिची तबकडी शिस्तीत फिरते आहे की आत वायूचा नुसता गोंधळ आहे, हे चित्र सांगू शकत नाही. बाहू आपोआप उमटले की एखाद्या शेजारणीच्या धक्क्याने, याचा निवाडाही त्या फिरण्यावर अवलंबून आहे. त्यासाठी दीर्घिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे वर्णपट हवेत, म्हणजेच वेबवर किंवा आल्मावर वेळ हवा. वेबच्या चौथ्या वर्षाच्या निरीक्षणांसाठी २,३७७ अर्ज आले होते आणि त्यांत मिळून सुमारे ७८ हजार तास मागितले गेले होते. उपलब्ध प्रत्येक तासामागे नऊ तासांची मागणी.